नकळत झालेला अन्याय आणि त्याची भरपाई

नोकरीच्या अर्जावर पूर्ण नाव लिहिताना आपल्या घरातील तरुणाचा हात क्षणभर थबकतो, हे वाचकांना पटवून देण्याची गरज नाही. पदवी तीच, गुण तेच, अर्जाचा मजकूरही तोच. तरी वर्गमित्राला मुलाखतीचे बोलावणे येते आणि आपला मुलगा वाट पाहत राहतो. ही नुसती मनाची समजूत नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. नावावरून एक अर्जदार उच्चवर्णीय हिंदू वाटे, एक दलित, एक मुस्लिम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी.

त्या कार्यालयांत बसून अर्ज चाळणारी माणसे सगळीच द्वेषाने भरलेली होती, असे मानण्याचे कारण नाही. त्यांतल्या अनेकांना विचारले असते तर आपण सर्वांना समान मानतो, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले असते. नजर एका नावावर थांबली आणि दुसऱ्यावरून पुढे सरकली, एवढेच घडले. ती सरकली हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आले नसेल. मानसशास्त्रात याला सुप्त पूर्वग्रह म्हणतात. लहानपणापासून कानांवर पडलेली वाक्ये, पाहिलेली चित्रे, घरातल्या मोठ्यांचे सहज उद्गार मनाच्या तळाशी साचत जातात, आणि निर्णय घाईत घ्यायचा असला की विचाराच्या आधी ते साचलेलेच बोलून जाते.

आपली तक्रार रास्त आहे आणि तिच्याकडे आपण पुढे येऊ. परंतु पवित्र कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीत हा धडा तक्रारीपासून सुरू होत नाही. कलम आपल्या हाती असते, उत्तरपत्रिका आपल्यापुढे असते, दुकानात कामाला मुलगा ठेवायचा असतो, तेव्हा आपण काय करतो, येथून तो सुरू होतो.

याच संदर्भात आणखी एक अभ्यास सांगतो. तो वाचून मी स्वतः बराच वेळ अस्वस्थ होतो. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात मुलांची एक परीक्षा घेतली. उत्तरपत्रिकांच्या वरच्या पानावर मुलाचे वय, लिंग आणि जात अशी माहिती होती, पण ती कोणत्या पत्रिकेवर कोणती यावी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. म्हणजे वर लिहिलेली जात आणि आत लिहिणारा मुलगा यांचा परस्परांशी संबंध नव्हता. मग या पत्रिका शिक्षकांना तपासायला दिल्या. ज्यांवर खालची जात नोंदलेली होती त्यांना थोडे कमी गुण पडले. फरक फार मोठा नव्हता, पण होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातला खरा धक्का पुढेच आहे: हे कमी गुण प्रामुख्याने अशा परीक्षकांकडून आले जे स्वतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींतले होते.

ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक चुकीचे आहे. समाजाने आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले तीच नजर आपण उसनी घेतो आणि आपल्याच माणसांवर रोखतो.

ह. अबूजर गिफारी (रजि.) हे अगदी सुरुवातीच्या काळात ईमान आणणाऱ्यांपैकी. त्यांच्या निःस्पृहतेविषयी सांगावे तेवढे थोडे. सहीह बुखारीत त्यांचीच हकीकत आहे. एका माणसाशी त्यांची बाचाबाची झाली आणि त्यांनी त्याला त्याच्या आईवरून हिणवले. ती अरब नव्हती. गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली. प्रेषितांनी (स.) विचारणा केली आणि अबूजर (रजि.) यांना सांगितले की, तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे. अबूजर (रजि.) चकित झाले. आता या उतारवयातसुद्धा? उत्तर मिळाले की, होय. ईमान आहे, त्याग आहे, प्रेषितांची (स.) संगत आहे, तरी जाहिलियतचा एक कण मनात राहून गेला होता आणि रागाच्या क्षणी तो जिभेवर आला. एवढ्या थोर सहाबींच्या बाबतीत हे घडू शकते, तर आमच्या मनात असे काही नाहीच, हे आपण कोणत्या भरवशावर म्हणतो?

सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत ईमानधारकांना तर्क-संशयापासून दूर राहण्याची आज्ञा आहे. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. टाळायला सांगितले आहे ते पुष्कळशा तर्कांना, आणि कारण असे दिले आहे की काही तर्क गुनाह असतात. नेमके कोणते, ते आपल्याला आतून ओळखू येत नाही, म्हणून सावधगिरीचे कुंपण बरेच अलीकडे घालायचे.

आता सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींकडे वळू. तफ्सीरकारांनी त्यांच्या अवतरणाचा जो प्रसंग नोंदवला आहे तो असा. मदीनेत अन्सारांच्या बनू जफर या घराण्यातील तुअमा बिन उबैरिक याने एक चिलखत चोरले. ते पिठाच्या पोत्यात होते आणि पोत्याला भोक होते. त्याने ते एका यहुदी माणसाकडे नेऊन ठेवले आणि सांडलेल्या पिठाची रेघ त्या यहुद्याच्या दारापर्यंत पोहोचली. तुअमाच्या घराण्याचे लोक प्रेषितांकडे (स.) आले आणि आपल्या माणसाची बाजू लावून धरू लागले. वस्तू यहुद्याच्या घरी सापडलेली, रेघ त्याच्या दाराशी आलेली, आणि त्या काळात यहुदी कबिल्यांशी संबंध तणावाचे. आरोप त्याच्यावर किती सहज बसत होता! न्यायाधीशाने समोरच्या पुराव्यावर निर्णय द्यायचा असतो आणि पुरावा एकाच बाजूला झुकलेला दिसत होता. अशा वेळी वह्य आली. अपहार करणाऱ्यांच्या वतीने भांडू नये असे बजावण्यात आले. स्वतः गुनाह करून तो निरपराधावर ढकलणाऱ्याने उघड पापाचे ओझे उचलले, असे सांगण्यात आले. यहुदी निर्दोष ठरला.

या प्रसंगात आपण बहुधा तुअमाकडे पाहतो. मला त्याच्या घराण्याच्या लोकांकडे पाहावेसे वाटते. ते सगळे चोर नव्हते. काहींना तर आपला माणूस असे करील हे खरोखरच पटले नसेल. आपला तो सरळ आणि परका तो संशयित, हे समीकरण त्यांच्यासाठी इतके नैसर्गिक होते की त्यांना आपण अन्याय करतो आहोत असे वाटलेही नसेल. शाळेच्या वर्गात पैसे हरवले की पहिल्यांदा कोणत्या मुलाचे दप्तर उघडले जाते? हा प्रश्न आपल्या संस्था चालवणाऱ्या बांधवांनी स्वतःला विचारावा. कोणत्या मोहल्ल्यातून येणारा, कोणत्या बिरादरीचा, कोणाचा मुलगा?

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो धार्मिक भाषेत येतो म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आक्षेप असा की, कर्मांचा आधार नियतीवर आहे, आमची नियत साफ होती, मग आम्ही दोषी कसे? नियतीविषयीची हदीस सत्य आहे. ती अल्लाहजवळच्या हिशेबाविषयी सांगते. पण शरीअतने चुकून झालेल्या नुकसानीला कधीही बिनभरपाई सोडलेले नाही. हातून चुकून एखाद्या ईमानधारकाचा जीव गेला तर तो खुनी ठरत नाही, त्याच्यावर किसास नाही. तरीही वारसांना दियत द्यावी लागते आणि कफ्फाराही करावा लागतो. हे सूरह अन्-निसाच्याच ९२ व्या आयतीत आहे. वारसांनी माफ केले तर गोष्ट वेगळी. फिकहच्या ग्रंथांत तर झोपलेल्या माणसाने कूस बदलताना दुसऱ्याची वस्तू फोडली तरी तिची भरपाई त्याच्यावर येते. झोपेत कसली नियत? तरी भांडे फुटले ते फुटलेच, आणि ते ज्याचे होते त्याचा हक्क उभाच राहतो.

सुप्त पूर्वग्रहाला हाच नियम लावून पाहावा. नकळत झाले, हे उत्तर गुनाहच्या प्रश्नाला असू शकेल. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हक्काला ते उत्तर नाही. आणि एकदा ध्यानात आणून दिल्यावर तर नकळत हा शब्दही आपल्याला वापरता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी आपल्याच लोकांनी चालवलेल्या एका शाळेच्या निवड समितीवर मी बसलो होतो. विज्ञान शिकवण्यासाठी एक जागा होती. शेवटी दोन उमेदवार उरले. एक तरुण शहरातला, बोलणे सफाईदार, उर्दूचे शीन-काफ दुरुस्त, इंग्रजीही अस्खलित. दुसरी मुलगी खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातून शिकलेली, बोलण्यात दखनीचा हेल. आम्ही पाच जण होतो आणि आमच्यात एका शब्दाचाही मतभेद झाला नाही. तरुणाची निवड झाली. आम्ही चहा घेतला आणि घरी गेलो.

तीन महिन्यांनी कसल्याशा कामासाठी ती फाइल उघडली. तीत दोघांनीही वर्गावर घेतलेल्या नमुना पाठाचे गुणपत्रक होते. मुख्याध्यापिकेने ते भरून आमच्यापुढे ठेवले होते. मुलीचे गुण त्या तरुणापेक्षा बरेच जास्त होते. पाचांपैकी एकानेही ते पान उलटले नव्हते. उर्दू नीट न बोलणाऱ्याला विज्ञान नीट शिकवता येणार नाही, असे आमच्यातले कोणी म्हटले असते तर इतरांनी त्याला हसून गप्प केले असते. कोणी म्हटले नाही, म्हणून कोणी हसलेही नाही.

निवडलेल्या तरुणाचा काही दोष नव्हता. त्याला काढणे हा दुसरा अन्याय झाला असता. मी समितीला लेखी कळवले आणि पत्नीला बरोबर घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. ती तेव्हा घरी शिकवण्या घेत होती. तिच्या वडिलांनी आम्हांला आदराने बसवले. मी झाले ते सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, तुमच्या समितीने मला एकच प्रश्न विचारला होता. गाव कोणते?"

पुढच्या वर्षी जागा निघाली तेव्हा आम्ही तिला कळवले. तिने अर्ज केला नाही.

सहीह बुखारीतच दोन वाटसरूंची हदीस आहे. एक माणूस जवळून गेला तेव्हा प्रेषितांनी (स.) शेजारी बसलेल्याला त्याच्याविषयी मत विचारले. तो म्हणाला की, हा प्रतिष्ठितांपैकी आहे. याने मागणी घातली तर लग्न व्हावे, याने शिफारस केली तर ती मानली जावी. मग एक गरीब मुसलमान गेला. त्याच्याविषयी उत्तर नेमके उलटे आले: याची मागणी नाकारली जाईल, शिफारस मानली जाणार नाही, याचे बोलणेही कोणी ऐकणार नाही. प्रेषितांनी (स.) सांगितले की, पहिल्यासारख्या माणसांनी पृथ्वी भरली तरी त्या सर्वांपेक्षा हा दुसरा उत्तम आहे. उत्तर देणारा सज्जनच होता. समाज कोणाला कसे मोजतो हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्या मापात खोट होती आणि ते माप त्याने स्वतः बनवलेले नव्हते.

माप बदलायचे तर केवळ मन शुद्ध करण्याचा निश्चय पुरत नाही. आपल्या परंपरेने काझीच्या मनाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवून न्याय मोकळा सोडला नाही. तिने त्याला रीत लावून दिली. रागाच्या भरात निवाडा करू नये. पहिल्याचे ऐकल्यावर दुसऱ्याचे ऐकेपर्यंत निकाल देऊ नये, ही शिकवण प्रेषितांनी (स.) ह. अली (रजि.) यांना दिली. ह. उमर (रजि.) यांनी अबू मूसा अशअरी (रजि.) यांना काझीच्या कामाविषयी जे पत्र लिहिल्याचे सांगितले जाते, त्यात दोन्ही पक्षकारांना सारखेच बसवावे, दोघांकडे सारखेच पाहावे, असा आदेश आहे, म्हणजे बलवानाला पक्षपाताची आशा वाटू नये आणि दुर्बलाने न्यायाची आशा सोडू नये. नजरेवरही नियम! त्याच पत्रात असेही आहे की, काल दिलेला निर्णय चुकला असे आज दिसले तर सत्याकडे परतण्यात संकोच करू नये.

आजच्या शाळेत ही रीत कशी दिसेल? दहावीच्या बोर्डाच्या पेपरात परीक्षकाला मुलाचे नाव दिसत नाही, ही तिचीच एक पायरी. पण भाषेच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत असतात आणि तेथे मूल शिक्षकाच्या समोर उभे असते. घटक चाचण्यांच्या वेळी शाळेने वह्यांवर नावाऐवजी क्रमांक घालावेत. एका प्रश्नाची सर्व उत्तरे एकदम तपासावीत, म्हणजे आधीच्या उत्तरामुळे झालेले मत पुढच्या उत्तराला चिकटत नाही. शिक्षकाने एक आठवडाभर तासाला कोणाकोणाला प्रश्न विचारला याच्या खुणा हजेरीपत्रकाच्या कोपऱ्यात कराव्यात. आठवड्याच्या शेवटी मागच्या बाकावरच्या काही नावांपुढे एकही खूण नसते. मी हे करून पाहिले आहे.

मुलावर याचा काय परिणाम होतो, ते कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात केलेल्या प्रयोगात दिसते. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांत फरक पडला नाही. सर्वांदेखत नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच.

दुकान, दवाखाना, कारखाना चालवणाऱ्यांसाठी रीत याहून सोपी आहे. कामाला काय लागते ते उमेदवार येण्यापूर्वी लिहून ठेवावे, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, आणि आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण कागदावर मांडावेत. आमच्या समितीत आता नमुना पाठाचे गुण आधी वाचले जातात. मोठ्यांपैकी एकाने सुरुवातीलाच पसंती बोलून दाखवली की बाकीचे माना डोलावतात, हे आमच्याकडे अजूनही पूर्ण थांबलेले नाही.

कामाच्या जागी आणखी एक गोष्ट घडते. काही माणसे आपल्याला दिसतच नाहीत. मस्जिदे नबवी झाडणारी एक काळी स्त्री होती (काही कथनांत तरुण पुरुषाचा उल्लेख आहे). ती वारली. लोकांनी बाब किरकोळ समजून प्रेषितांना (स.) कळवले नाही आणि दफन उरकले. ती दिसेना म्हणून प्रेषितांनी (स.) स्वतः चौकशी केली, मला का सांगितले नाही असे विचारले, कबर दाखवायला लावली आणि तेथे जाऊन जनाजाची नमाज अदा केली. सहाबींच्या मनात तिच्याविषयी वैर नव्हते. तिची नोंद घेण्याचे राहून गेले होते, आणि जे राहिले ते तिच्या मृत्यूनंतरही पूर्ण करण्यात आले.

आता आपल्या तक्रारीकडे. मुलाशी शाळेत किंवा मुलीशी कार्यालयात भेदभाव झाला असे वाटले तर गप्प बसणे हा सब्र नव्हे. तारीख, प्रसंग आणि बोललेले शब्द लिहून ठेवावेत, संबंधितांना भेटावे आणि निर्णयाचे कारण लेखी मागावे. मुलाला मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, हे पालकांना ठाऊक असावे. बोलताना त्या एका कृतीविषयी बोलावे. तुम्ही लोक असेच, हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नये. एखाद्या समूहाच्या वैराने तुम्हांला न्यायापासून ढळू देऊ नये, ही सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीतील आज्ञा आपण दुखावलेले असतो तेव्हासाठीच आहे. आणि घरी परतल्यावर, सगळे आपल्या विरोधातच आहेत, असे मुलाच्या मनावर रोज बिंबवू नये. वरच्या प्रयोगातली मुले आठवावीत.

घराविषयीही दोन शब्द. ह. नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि आईच्या आग्रहावरून प्रेषितांना (स.) साक्षी करायला नेले. प्रेषितांनी (स.) विचारले की, सर्व मुलांना असेच दिले आहे काय? नाही, असे कळताच त्यांनी साक्षी होण्यास नकार दिला. बशीर (रजि.) घरी परतले आणि दिलेली देणगी परत घेतली. आपल्या घरात देणगी क्वचितच दिली जाते. पण गोऱ्या मुलीचे कौतुक आणि सावळीला उटणे, मुलाला शिकवणी आणि मुलीला समजूत, हे रोज वाटले जाते. आठवड्याच्या घरगुती दर्समध्ये हा धडा वाचाल तेव्हा शेवटी मुलांनाच विचारावे की, या घरात कोणाला कमी मिळते? आणि उत्तर येईल तेव्हा आई-वडिलांनी लगेच स्वतःचा बचाव करू नये.

अबूजर (रजि.) यांची हकीकत अर्धीच सांगितली होती. हाताखालची माणसे ही तुमचे भाऊ आहेत, स्वतः खाल ते त्यांना खाऊ घाला, स्वतः नेसाल ते त्यांना नेसवा, असे प्रेषितांनी (स.) त्या वेळी त्यांना सांगितले होते. कितीतरी वर्षांनंतर मअरूर नावाचे एक गृहस्थ त्यांना रबजा येथे भेटले. अबूजर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होते. मअरूर यांना नवल वाटले आणि त्यांनी कारण विचारले. तेव्हा अबूजर (रजि.) यांनी ती जुनी बाचाबाची, तो टोमणा आणि प्रेषितांचे (स.) शब्द, सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले.